आयर्लंडच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मूल घातलंय? वर्षभरात काय काय येतं आणि कशात कसं उतरायचं

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की इथल्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न येतो. "मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश मिळाला, पण शाळा कॅथलिक आहे. काही अडचण नाही ना?" प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच बैजवार लिहून ठेवते. मी मूळची मिरजेची, आता डब्लिनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. थोरली सहावी संपवून शाळेतून बाहेर पडली, धाकटा अजून तिथेच आहे. पालक संघाच्या टेबलामागे उभं राहून बरेच केक विकले आहेत, तेवढ्या अधिकाराने बोलते.

आधी डोक्यातलं चित्र बदला. इथली कॅथलिक शाळा म्हणजे आपल्याकडची डोनेशनवाली कॉन्व्हेंट नव्हे. देशातल्या दहा प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ नऊ कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. पेट्रन, म्हणजे शाळेचा आश्रयदाता, म्हणून कागदावर बहुतेक वेळा त्या भागाच्या बिशपचं नाव असतं, पण शिक्षकांचे पगार सरकार करतं, अभ्यासक्रम सरकारी आणि फी नाही. 'ऐच्छिक वर्गणी' म्हणून चिठ्ठी येते; ती खरोखर ऐच्छिक असते, नाही दिली तरी कोणी मुलाला उभं करत नाही. २०२३ पासून पाठ्यपुस्तकंही मोफत आहेत. आणि २०१८ पासून या शाळांना प्रवेश देताना बाप्तिस्म्याचा दाखला मागून प्राधान्य ठरवता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला जागा मिळाली ती कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. अंग चोरून राहायचं कारण नाही.

माझं म्हणणं एवढंच: धर्माच्या तासाचं काय करायचं ते तुमच्या घरात ठरवा, पण शाळेच्या बाकीच्या आयुष्यातून पाय मागे घेऊ नका. आपल्याकडची बरीच मंडळी पहिल्याला घाबरून दुसऱ्यालाही मुकतात आणि मग तक्रार करतात की मुलाला वाढदिवसाची बोलावणी येत नाहीत.

धर्माच्या तासाचं आधी ठरवा, आणि लिहून द्या

रोज साधारण अर्धा तास धर्मशिक्षण असतं. शिवाय सकाळी, डब्याच्या आधी-नंतर आणि घरी निघताना छोटी प्रार्थना. मुलाला धर्मशिक्षणाला न बसवण्याचा हक्क आयरिश राज्यघटनेतच आहे, ४४ व्या कलमात. अशा मुलांसाठी शाळा काय व्यवस्था करते हे तिच्या प्रवेश धोरणात लिहिलेलं असावं लागतं, आणि त्यासाठी मुलाचा शाळेचा दिवस आखूड करता येत नाही. तो परिच्छेद शोधून वाचा. दोन-चार ओळीच असतात, पण मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडतात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. शाळेकडे जादा शिक्षक नसतो. त्यामुळे बाहेर काढलेलं मूल बहुतेक वेळा त्याच वर्गात, मागच्या टेबलाशी, चित्र रंगवत किंवा पुस्तक वाचत बसतं. कान काही बंद होत नाहीत. समोर नोहाच्या होडीची गोष्ट चालली असेल तर चार वर्षांचं मूल रंगवणार थोडंच आहे, ते गोष्टच ऐकणार.

म्हणून आम्ही मधला रस्ता धरला. गोष्टी ऐकायच्या, गाणी म्हणायची, चर्चमध्ये वर्गाबरोबर जायचं, संस्कारविधी मात्र घ्यायचे नाहीत. आमच्या ओळखीत पूर्ण बाहेर ठेवणारी घरंही आहेत आणि "सगळं करू दे, काय बिघडतं" म्हणणारीही. माझा आक्षेप फक्त न ठरवणाऱ्यांवर आहे. तुम्ही ठरवलं नाहीत तर शिक्षिकेला अंदाजाने वागावं लागतं आणि मधल्या मध्ये मूल गोंधळतं.

ठरलं की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला चार ओळींचं पत्र किंवा ईमेल द्या. आम्ही हिंदू आहोत. मूल धर्माच्या तासाला वर्गात बसेल आणि गाण्यांत भाग घेईल. प्रार्थनेत हात जोडले तर हरकत नाही, पण त्याला आग्रह करू नये. कन्फेशन (पापांची कबुली), कम्युनियन (चर्चमध्ये मिळणारी पवित्र भाकर), कपाळावर राख यांत भाग घेणार नाही. काही शंका आली तर या नंबरवर फोन करा. बस. आणि हे पत्र दर सप्टेंबरला नव्याने द्या, कारण शिक्षिका बदलते आणि मागच्या वर्षीचं बोलणं पुढे पोचेलच असं नाही.

धाकट्याने ज्युनिअर इन्फंट्सला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात, असताना आमच्या देवघरासमोर उभं राहून क्रूसाची खूण केली. व्हिडिओ कॉलवर सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "करू दे, देवालाच करतोय ना?" तोंड वाकडं झालं ते नवऱ्याचं.

वर्गात गेलात की कोपऱ्यातलं प्रार्थनेचं छोटं टेबल बघा. त्यावरच्या कापडाचा रंग बदलत असतो. नाताळच्या आधीचे चार आठवडे आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, बाकी बहुतेक वर्षभर हिरवा. पाच वर्षांची पोरं तो कोणी बदलला, का बदलला हे शिक्षिकेच्या आधी सांगतात.

कोणाला काय विचारायचं

बोर्ड ऑफ मॅनेजमेंटमध्ये आठ जण असतात, त्यांत दोन पालकांचे प्रतिनिधी. ते शाळेचा कारभार बघतात. केक सेल, रॅफल, सिनेमाची संध्याकाळ हे सगळं पॅरेंट्स असोसिएशनचं, म्हणजे पालक संघाचं काम. दोघांत गल्लत करू नका. आणि ऑफिसमधल्या सेक्रेटरीशी चांगलं राहा. मुलाची हरवलेली टोपी असो की चुकलेला फॉर्म, शेवटी तिच्याच टेबलावर सापडतो.

तारखांसाठी शाळेचं अ‍ॅप हेच खरं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला कोणीतरी विचारतं, "उद्या युनिफॉर्म घालायचा नाही ना?" आणि त्यावर चार वेगवेगळी उत्तरं येतात. अ‍ॅप उघडा, बघा, झोपा. युनिफॉर्म नसलेल्या दिवशी मुलाच्या खिशात एक-दोन युरोचं नाणं ठेवायचं असतं, ते नव्या पालकांना कोणी सांगत नाही.

केक सेल

इथे जरा थांबून सांगते, कारण शाळेत ओळख व्हायची असेल तर याच्यासारखा दुसरा मार्ग नाही.

बहुतेक शुक्रवारी असतो. सकाळी पालक घरून केलेलं किंवा दुकानातून आणलेलं काहीतरी हॉलमध्ये पोचवतात. मग एकेक वर्ग नाणी मुठीत धरून रांगेने येतो. मुलं डोळ्यांनी खरेदी करतात, जिभेने नाही. आयसिंग आणि वर रंगीत साखरेचे कण असले की कपकेक गेलाच. आपल्या बेसनाच्या लाडवाकडे मुलं वळूनही बघत नाहीत. शिक्षिका आणि आज्या मात्र विचारून विचारून नेतात. माझ्या अनुभवात दोन गोष्टी हमखास खपतात. एक नानकटाई, कारण ती त्यांना त्यांच्या शॉर्टब्रेडच्या घरातली वाटते. दुसरी शंकरपाळी. ती कागदी कपात भरून, पन्नास सेंटला एक कप अशी लावा. गोड हवीत, खारी नको. आणि आकार लहान ठेवा.

सुकामेव्याचं फार जपायचं. बहुतेक शाळांत शेंगदाणे आणि बाकी सुकामेवा चालत नाही, आणि ॲलर्जी असलेलं मूल त्याच रांगेत उभं असतं. चिक्की नको, लाडवात काजू नको, वर बदामाचा काप नको. तीळही युरोपच्या ॲलर्जीच्या चौदा पदार्थांच्या यादीत आहेत, म्हणून संक्रांतीला वर्गात वाटायला तिळगूळ देण्याआधी शिक्षिकेला विचारा. ती नाही म्हणाली तर घरीच गोड बोला. डब्यावर साध्या इंग्रजीत चिठ्ठी लावा: गहू आहे, दूध आहे, अंडं नाही, सुकामेवा नाही. परत हवा असलेला स्टीलचा डबा तर मुळीच देऊ नका. आइस्क्रीमचा रिकामा डबा बरा.

उलट बाजूनेही बघून ठेवा. पार्टीच्या पिशवीत मिळणाऱ्या जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. शाळेत गरम जेवण मिळत असेल तर ते अ‍ॅपवरून आधी निवडायचं असतं, शाकाहारी पर्याय तिथेच दिसतो. तुमच्या घरात जे चालत नाही ते मुलाला नीट सांगून ठेवा. शिक्षिका तीस मुलांच्या पाकिटांमागचं बारीक अक्षर वाचत बसू शकत नाही.

करायला जमत नसेल तर टेबल मांडायला नाव द्या, नाहीतर शेवटी झाडू मारायला. झाडायला कोणीच नाव देत नाही. हॉलमध्ये चुरा गोळा करता करता ज्या दोन बायकांशी ओळख झाली त्या आजही माझ्या इथल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी आहेत. मुलांना शिकवायचं, खेळात तयार करायचं असलं नियमित काम घ्यायचं असेल तर गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडची पडताळणी, लागते. कधीमधी केक विकायला ती लागत नाही.

सप्टेंबर ते नाताळ

वर्षाच्या सुरुवातीला मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, होते, शाळेत किंवा जवळच्या चर्चमध्ये. पालकांना बोलावतात. गेलात तर मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही. कम्युनियनच्या वेळी रांग पुढे जाते तेव्हा जागेवरच बसायचं. आपल्याला प्रसाद दिसला की हात पुढे करायची सवय असते, इथे तो करू नका. ती फक्त कॅथलिकांसाठी आहे आणि ते तिला फार मानतात. रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन जायचं, मग फादर नुसता आशीर्वाद देतात. हे मला शाळेतल्या वसईच्या मैत्रिणीने शिकवलं. ती जन्माची कॅथलिक आणि घरी अस्सल मराठी. आमच्या शंकांचं निरसन करून करून ती आता निम्मी धर्मगुरू झाली आहे असं तीच म्हणते.

ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोवीन. मूळ इथलंच, सावन नावाच्या जुन्या आयरिश सणातून आलेलं, त्यामुळे कॅथलिक शाळाही तो दणक्यात करते. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी वेश करून यायचं. रक्तबंबाळ मुखवटे आणि प्लास्टिकच्या तलवारी बहुतेक शाळा नको म्हणतात. थोरलीला एका वर्षी झाशीची राणी व्हायचं होतं. तलवार घरी राहिली, नुसता फेटा आणि शेला गेला, तरी तीच सगळ्यांत उठून दिसली.

दिवाळी याच सुमाराला येते. वर्गात काही करायचं असेल तर तीन आठवडे आधी शिक्षिकेला विचारा आणि वीस मिनिटांतच आवरा. काळ्या कागदावर रंगीत खडूंची रांगोळी मुलांना भलतीच आवडते. ज्योत पेटवता येत नाही, बॅटरीच्या पणत्या न्या. पूजा करून दाखवू नका, गोष्ट सांगा. लक्ष्मीचं पाऊल काढायला शिकवलंत तर आठवडाभर फळ्याखाली पावलंच पावलं दिसतात. मागून मिळत नाही असं क्वचितच होतं; आपण मागतच नाही.

नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. वर्गात एक कागद लावतात किंवा वही ठेवतात. मुलं आपल्या घरच्या गेलेल्या माणसांची नावं त्यात लिहितात. थोरलीने माझ्या वडिलांचं नाव लिहिलं, खाली 'मिरज'. मला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. धर्मशिक्षणातून मूल बाहेर ठेवलं असेल तर याबद्दल शिक्षिकेशी वेगळं बोला, कारण ज्याचे आजोबा नुकतेच गेलेत त्या मुलाला मागच्या टेबलाशी रंगवत बसवणं बरं नाही.

याच महिन्यात शिक्षक-पालक भेट असते. जेमतेम दहा मिनिटं मिळतात, प्रश्न लिहून न्या. आणि बुटांच्या खोक्यांचं आवाहन येतं: टीम होप ही संस्था गरीब देशांतल्या मुलांना नाताळच्या भेटी पाठवते. खोक्यात लिहायचं, धुवायचं, घालायचं आणि 'वा!' म्हणायचं असं एकेक हवं. म्हणजे पेन्सिली-वही, ब्रश-साबण, टोपी-मोजे आणि एखादं खेळणं. खोका लवकर शोधायला लागा, नोव्हेंबरमध्ये बुटांच्या दुकानांत रिकामे खोके मिळेनासे होतात.

डिसेंबर म्हणजे येशूच्या जन्माचं नाटक. लहान वर्गांचं असतं. मरिया, योसेफ, सराईवाला, मेंढपाळ, मेंढ्या, देवदूत, तारा आणि पूर्वेकडून आलेले तीन राजे. आपल्या मुलांना राजाचं काम मिळण्याची शक्यता जास्त, का ते सांगायला नको. रागावू नका, राजाचे कपडे आपल्याच कपाटात असतात. धाकट्याला माझ्या मामाचं जरीचं उपरणं घातलं, मागे दोन सेफ्टी पिना आणि डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट. मेंढपाळांच्या डोक्यावर मात्र सगळ्यांच्या घरचं चौकड्याचं भांडी पुसायचं फडकंच असतं, वर पायजम्याची नाडी बांधलेली. हा पोशाख इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, त्यात सुधारणा करायला जाऊ नका.

मुलाला एकच वाक्य असलं तरी ते घरी रोज मोठ्याने म्हणून घ्या. हॉलमध्ये माइक असेलच असं नाही. फोटोबाबत शाळा काय सांगते ते ऐका. काही शाळा नाटक चालू असताना फोन काढू देत नाहीत, कारण दुसऱ्यांची मुलं फोटोत येतात. आजीला व्हिडिओ पाठवायचा असेल तर घरी तेच कपडे घालून वेगळा काढा. वर्गात एक हिरव्या फांद्यांचं कडं दिसेल, त्यात तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मधोमध पांढरी मेणबत्ती. दर आठवड्याला एकेक वाढवत लावतात.

जानेवारी ते सेंट पॅट्रिक

जानेवारीच्या शेवटी कॅथलिक शाळांचा आठवडा असतो आणि त्यात एक दिवस आजी-आजोबांचा. आपली मुलं इथे हिरमुसतात, कारण वर्गात ओळीने आज्या येऊन बसतात आणि आपल्या आज्या सांगली-साताऱ्यात. शिक्षिकेला आधीच सांगितलं तर एखादा फोटो, एखादं पत्र, आजीच्या आवाजातली दोन मिनिटं चालतात. व्हिसावर आजी इथेच असली तर बिनधास्त पाठवा, इंग्रजी येवो न येवो. माझी आई एका जानेवारीत इथे होती. नऊवारी, वर जाड कोट, पायात लोकरीचे मोजे. मुलांना जुने खेळ दाखवा म्हटल्यावर तिने शाळेच्या मैदानातले पाच खडे वेचले आणि सागरगोटे सुरू केले. शेजारच्या आयरिश आजीने लगेच खडे मागून घेतले, कारण लहानपणी त्याही अगदी तसंच, पाच दगडांनी, खेळायच्या. दोघींनी मिळून सगळ्या वर्गाला झेलायला शिकवलं. दुभाष्या म्हणून मला बोलावलं होतं, मला काही कामच उरलं नाही.

१ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिड या आयरिश संत बाईंचा दिवस. तिच्या नावाची सार्वजनिक सुट्टी २०२३ पासून सुरू झाली. शाळेत मुलं लव्हाळ्यांचा क्रूस विणतात. पालकांना मदतीला बोलावतात, म्हणून आधी घरी हात बसवून घ्या. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेला अडकवायची, दोन्ही टोकं उजवीकडे. सगळं एक चतुर्थांश फिरवायचं, पुढची काडी दुमडून आधीच्या सगळ्यांवरून घ्यायची, घट्ट ओढायची, पुन्हा फिरवायचं. फिरवण्याची दिशा कायम एकच. मध्ये चौकोन तयार होत जातो. चारही टोकं रबर बँडने बांधून कात्रीने सारखी करायची. लव्हाळे ओले असताना वाकतात, वाळले की मोडतात, तेव्हा आदल्या दिवशी आणलेले पाण्यात घालून ठेवा. घरी आणलेला क्रूस इथले लोक दारावर लावतात. आमचा तोरणाशेजारी आहे.

ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा पॅनकेकचा मंगळवार मुलांच्या लक्षात राहतो, दुसऱ्या दिवशीचा राखेचा बुधवार पालकांनी लक्षात ठेवावा. कपाळावर राखेचा क्रूस काढतात, वर्गात किंवा चर्चमध्ये. नको असेल तर आदल्या आठवड्यात आठवण करा. सप्टेंबरच्या पत्रावर विसंबू नका. त्या दिवशी रांग लागते आणि मूल रांगेत उभं राहतंच. त्याच आठवड्यात ट्रोकरा या संस्थेचा पुठ्ठ्याचा डबा घरी येतो. ईस्टरपर्यंत त्यात सुटे पैसे टाकून परत द्यायचा. यात धर्माचा प्रश्न नाही, पैसे परदेशातल्या गरजूंना जातात. आम्ही टाकतो.

मग १ ते १७ मार्च आयरिश भाषेचे दिवस आणि सेंट पॅट्रिकची मिरवणूक. हिरवे कपडे, हिरवे मोजे, हिरवे केस. शाळा मिरवणुकीत निघणार असेल तर विचारा की आपल्या मुलांनी लेझीम धरली तर चालेल का. लेझीम भारतातून सामानात आणता येते, फक्त जड असते.

दुसरीचं वर्ष

हे वर्ष वेगळं आहे, आणि त्याची तयारी एप्रिलमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये करायची. दुसरीत, सात-आठ वर्षांच्या वयात, मुलं पहिलं कन्फेशन आणि मग बहुधा मे महिन्यात, बरेचदा शनिवारी, फर्स्ट कम्युनियन घेतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पालकांना चर्चमध्ये वेगळं नाव नोंदवावं लागतं, पण गाण्यांची तालीम, चर्चमध्ये रांगेने चालायचा सराव हे शाळेच्या वेळात होतंच. वर्गात महिनोन्‌महिने पांढऱ्या ड्रेसच्या, बुटांच्या, किती पैसे मिळणार याच्या गप्पा चालतात. नातेवाईक पाकिटं देतात, आणि बऱ्याच घरी मागच्या अंगणात हवेचा किल्ला उभा राहतो. मुलांचा हेवा असतो तो या किल्ल्याचा.

थोरलीला आम्ही आधीच सांगितलं: हा त्यांच्या घरातला विधी आहे, आपल्या घरात नाही, पण तू गाण्यात आहेस आणि मैत्रिणीच्या घरी आपण सगळे जाणार आहोत. शिक्षिकेला विचारलं, तालमीच्या वेळी हिला काय काम देता? तिने गाण्यांच्या कागदांची जबाबदारी दिली. एवढं पुरतं. भरपाई म्हणून त्याच दिवशी घरी मोठी पार्टी ठेवणारे पालक मी बघितलेत. मला ते पटत नाही. मुलाला वाटतं आपलं काहीतरी हिरावलं गेलंय, म्हणून ही लाच.

बोलावणं आलं तर जरूर जा. चर्चमध्ये नीटनेटके कपडे, मुलगी साध्या रंगीत फ्रॉकमध्ये बरी. पांढरा त्या दिवशी ज्यांचा आहे त्यांचा. कार्डात वीस युरोची नोट घातली तर कमीही दिसत नाही आणि जास्तही. वसईच्या मैत्रिणीच्या मुलीच्या वेळी आम्ही सगळे गेलो. सकाळी आयरिश चर्च, दुपारी तिच्या घरी पंचवीस मराठी माणसं आणि किल्ल्यावर उड्या मारणारी तेवढीच आयरिश पोरं.

सहावीला दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, हा चर्चचा पुढचा संस्कार. तोवर मुलं बारा वर्षांची असतात, त्यांचं ती बघून घेतात.

मे-जून

मेमध्ये वर्गात मरियेची छोटी वेदी मांडतात आणि मुलं घरून फुलं आणतात. बागेत असतील ती द्या, विकत आणू नका. जूनमध्ये खेळांचा दिवस, लिंबू-चमच्याऐवजी अंडं-चमचा, पोत्याची शर्यत आणि पालकांचीही शर्यत. बूट घालून जा, चपला नकोत, कारण नाव पुकारलं की माघार घेता येत नाही. पाऊस पडला तर पुढे ढकलतात, म्हणून त्या आठवड्यात ऑफिसात एक सकाळ मोकळी राखून ठेवा. सन क्रीम घरूनच लावून पाठवा.

शाळा जूनच्या शेवटी बंद होते. त्याआधी जुन्या युनिफॉर्मची विक्री असते, पालक संघच भरवतो. शाळेचा बिल्ला असलेले स्वेटर तिथे पाच-सहा युरोत मिळतात. एक माप मोठं घ्या, कॉलरच्या आत नाव शिवा, आणि स्वतःचे लहान झालेले तिथेच देऊन या. विक्रीच्या टेबलामागे माणसं कमी पडतात, तिथेही नाव द्या.